वॉर्डातला दिवा आणि ग्रामसभेची नोटीस

नेवासे तालुक्यातलं सोनई आता नुसतं खेडं राहिलेलं नाही. मुळा सहकारी साखर कारखाना इथला, आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांची गाडी गावातूनच वळते. बाजारपेठ वाढली, वस्ती वाढली, तशी गटार, कचरा, रस्त्यावरचा दिवा यांची कटकटही वाढली. हे प्रश्न मांडायची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा.

मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सदस्य. कायद्याने वर्षात किमान 4 सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. सोनईसारख्या मोठ्या गावाला शंभर माणसं जड नाहीत. तरी सभा तहकूब होते, याचं मला खरंच वाईट वाटतं. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजकी माणसंच ठराव करतात.

बायाबापड्यांनी एक ध्यानात ठेवावं: मुख्य सभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. नळाला पाणी किती वाजता येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

ग्रामसभा काय करू शकते, ते बघा: आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने ऊस आणि बोअरवेल, दोन्हींना आवर घातला.

सभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. विषय वाचा, आपला अर्ज आधीच लेखी द्या, पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवला गेला का, ते विचारा.