नेम आणि नियम

(कोल्हापूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आपल्यापैकी कुणीही विसरले नसेल. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या एका शिक्षकाच्या मुलाने, स्वप्निल कुसाळेने, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. त्या सायंकाळी कोल्हापुरात गुलाल उधळला गेला, आणि पुढच्या आठवडाभरात मला चार पालकांचे दूरध्वनी आले. पत्रकाराला सगळे ठाऊक असते असा लोकांचा एक समज असतो, तो मोडावा असे आम्हालाही वाटत नाही! तिघांनी विचारले, "मुलाला बंदूक कुठे मिळेल?" चौथ्या गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारले, "घरात बंदूक ठेवली तर पोलीस येतात का हो?" आजचे माझे भाषण हे त्या चौथ्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, असे समजा.

हे पदक अकस्मात आलेले नाही. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या तेजस्विनी सावंतने सुवर्णपदके आणली. २०१० च्या ऑगस्टमध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ती विश्वविजेती झाली. ६०० पैकी ५९७ गुण, म्हणजे साठ गोळ्यांत अवघे तीन गुण गमावले. विश्वविक्रमाशी बरोबरी झाली. तिचे वडील रवींद्र सावंत नौदलात होते. लेकीचे हे यश पाहायला ते राहिले नाहीत. त्याच वर्षी, काही महिने आधी, ते निवर्तले होते. पुढे राही सरनोबतने २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण जिंकले, २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकले आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान पटकाविला. तांबडी माती ही या नगरीची ओळख आहेच. पण दुधाळीच्या रेंजवर पहाटे जाऊन उभे राहा, म्हणजे दुसरी ओळखही दिसेल. तिथे आरोळ्या नाहीत, हलगी नाही. तिथे श्वास रोखून धरलेली मुले-मुली दिसतात.

या खेळात नेमके काय असते, हे मी साठ मिनिटे एका प्रशिक्षकांच्या मागे उभा राहून पाहिले. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते; आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर छापील पूर्णविरामाएवढे. पन्नास मीटरवर ते १०.४ मिलिमीटरचे होते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. पन्नास मीटर अंतरावर ते बटण डोळ्यांना दिसतही नाही. दिसतो तो काळा गोल, आणि त्याच्या मध्यावर विश्वास ठेवायचा. हृदयाच्या ठोक्याने नळी हलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये चाप ओढायचा. चापही ओढायचा नसतो, म्हणे. तो 'सुटू द्यायचा' असतो. राग आलेला मनुष्य या खेळात पहिल्या पाच मिनिटांत हरतो. ज्या आईवडिलांना मुलाच्या हाती बंदूक दिल्यास तो आततायी होईल अशी भीती वाटते, त्यांनी एकदा ही शांतता पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.

आता कायद्याकडे वळू.

१८७८ साल. व्हाइसरॉय लिटन यांनी एकाच वर्षात दोन कायदे केले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा एक आणि हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा दुसरा. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८५७ ची धास्ती वीस वर्षांनंतरही गेलेली नव्हती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती हे पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी दाखवून दिले. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, काही वर्षांतच गेला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षे होईपर्यंत टिकला. १९५९ मध्ये आपल्या संसदेने नवा शस्त्र अधिनियम केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. लेखणीवरचा अविश्वास लवकर सरला, हातावरचा सरायला उशीर लागला. माझ्या मते तो कचेऱ्यांच्या टेबलांवर अजूनही पुरता सरलेला नाही. कायद्यातून मात्र तो बराचसा गेला आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

एअर रायफलपासून आरंभ करू, कारण तुमच्या मुलाचा आरंभ तिथूनच होणार आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाची आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेली एअर रायफल बाळगण्यास परवाना लागत नाही. मी कला शाखेचा पदवीधर. ज्यूल म्हणजे काय हे मला भाच्याला विचारावे लागले. स्पर्धेची एअर रायफल सात-आठ ज्यूलच्या आसपास असते, असे त्याने गणित करून दाखविले. म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ओळखपत्र दाखवावे, रीतसर पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. गल्लीत, गच्चीवर, पाखरांवर ती चालवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तुमच्या मुलाला तो लागू होतो!

पुढचा टप्पा पॉइंट टूटूचा. तेथे परवाना हवा, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही. परंतु बारा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला जाणत्या परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली सराव करण्याची मुभा नियमांनी दिली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेली पात्रता गाठणाऱ्या नेमबाजाला 'नामवंत नेमबाज' म्हणून निराळा दर्जा मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसामान्य नागरिकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली, तेव्हा नेमबाजांत खळबळ उडाली होती. परंतु २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने अधिसूचना काढून नामवंत नेमबाजांची सवलत वाढविली आणि पॉइंट टूटूच्या काडतुसांची वार्षिक मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर नेली. जो दिवसाला शंभर गोळ्या झाडतो, त्याला एक हजार काडतुसे दहा दिवस पुरतात. हे साधे गणित सरकारदरबारी पोहोचायला इतकी वर्षे लागली.

परंतु मला अधिनियमात सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. ती कशी सापडली, ते सांगतो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ करवीर तालुक्यात पिठाची गिरणी चालवतात. त्यांची मुलगी क्लबच्या रायफलवर राज्य पातळीपर्यंत खेळली. एकवीस पूर्ण झाल्यावर तिने स्वतःच्या रायफलसाठी अर्ज केला. मी काही कचेरीचे नाव घेणार नाही. पहिल्या भेटीत विचारले गेले, "जिवाला धोका आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग बंदूक कशाला?" दुसऱ्या भेटीत सातबारा आणि मिळकतीचा दाखला मागितला. गिरणी भाड्याच्या जागेत. सातबारा आणणार कुठून? अर्ज परत आला. पुन्हा केला, तर पडताळणीत अडकला. अकरा महिने गेले. त्या हंगामातली निवड चाचणी तिने मैत्रिणीच्या मापाने बेतलेल्या रायफलवर दिली आणि थोडक्यात हुकली.

मी तिच्या वडिलांना म्हणालो, "अण्णा, माझी वर ओळख आहे. एक फोन करतो."

ते हाताचे पीठ झटकत म्हणाले, "नको साहेब. वशिल्यानं बंदूक घरात आली, तर उद्या पोरीला सरळ वाग म्हणून सांगायला मला तोंड उरणार नाही."

तीस वर्षे पत्रकारितेत काढलेल्या माणसाला एवढे ऐकल्यावर खाली मान घालून अधिनियम वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या रात्री तो वाचला. कलम १३ म्हणते की, इतर कोणत्याही अर्जदाराने शस्त्र मागण्याचे योग्य कारण पटवून द्यावे. परंतु केंद्र सरकारने परवाना अथवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सदस्य सरावासाठी शस्त्र मागत असेल, तर प्राधिकारी परवाना 'देईल'. 'देऊ शकेल' नव्हे, 'देईल'. भाषेवर पोट असणाऱ्याला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. जिवाला धोका असण्याचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. आणि कलम १४ म्हणते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारायचाच असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि त्यावर वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. हे सारे १९५९ पासून छापलेले आहे. टेबलाच्या अलीकडच्या माणसाने ते वाचले नव्हते, तसेच पलीकडच्यानेही.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हस्ताक्षरात एक पानाचा अर्ज लिहिला. दोन्ही कलमांचे क्रमांक घातले, क्लबच्या सदस्यत्वाची प्रत जोडली, आणि नकार असल्यास तो लेखी कारणांसह मिळावा अशी नम्र विनंती केली. त्यानंतर पडताळणी आश्चर्यकारक वेगाने झाली.

टेबलापलीकडच्या माणसाचीही बाजू आहे, तीही मांडली पाहिजे. त्याच्याकडे येणाऱ्या दहा अर्जांत नेमबाज एखादाच असतो. उरलेल्यांना कमरेला पिस्तूल लावून फलकावर झळकायचे असते, वरातीत हवेत बार काढायचे असतात. २०१९ पासून अशा बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि ती मला योग्य वाटते. या हौशी मंडळींच्या गर्दीत आमची गिरणीवाल्याची मुलगी चेंगरते. परवाना हे प्रतिष्ठेचे चिन्ह मानणारे, ते आपल्या घरातले असले तरी, नेमबाजांचे हितशत्रू आहेत, हे मी येथे स्पष्टच बोलतो. निवडणुका येतात तेव्हाही हेच घडते. पूर्वी सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेत. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे हा विषय आला, आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. स्पर्धेत उतरणाऱ्या रायफल संघटनेच्या सदस्यांना त्यातून वगळले. तरीही आचारसंहिता लागली की क्लबमधली मुले कासावीस होतात. त्यांनी आयोगाच्या सूचनेची प्रत परवान्यासोबतच ठेवावी.

कुणी म्हणेल, अमेरिकेसारखी मोकळीक हवी. तेथील शाळांच्या बातम्या मी माझ्या हाताने लावल्या आहेत. मला ती मोकळीक नको. दुसरे टोक ब्रिटनचे. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १९९६ मध्ये शाळकरी मुलांवर गोळीबार झाला, आणि १९९७ मध्ये तेथे पिस्तुलांवर बंदीच आली. परिणामी ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. स्वतःच्या देशात भरलेल्या स्पर्धांसाठी खास सवलत काढावी लागली. आपली राही २०१४ मध्ये त्याच स्कॉटलंडमध्ये ज्या प्रकारच्या पिस्तुलाने सुवर्ण जिंकून आली, तसे पिस्तूल तेथील नेमबाजाला घरी ठेवता येत नव्हते. आपला कायदा या दोहोंच्या मधला आहे. तो बरा आहे. त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी तो वाचावा आणि पडताळणीची नियमांत घातलेली मुदत पाळावी, इतकेच मागणे आहे. तालुक्याच्या ठिकाणी एअर रायफलची दहा मीटरची रेंज करायला तर एक लांब खोली, भक्कम भिंत आणि एक प्रामाणिक प्रशिक्षक पुरतो.

अण्णांच्या घरी रायफल आली, त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी मला बोलावले होते. गिरणीचे जाते धुऊन झेंडूच्या माळा घातलेल्या, पाटावर तराजू, मापे, धाकट्याचा संगणक, आणि मध्ये ती रायफल. बोल्ट काढून निराळा ठेवलेला, काडतुसे कुलुपात. मुलीची आई हळद-कुंकवाचे बोट घेऊन पुढे झाली, तोच पोरगी ओरडली, "आई, नळीला नको! पेटीला लाव."

मग पेटीलाच लावले.

(समाप्त)