शेळीच्या औषधाचा हिशेब

मागच्या पावसाळ्यातला एक रविवार. सकाळीच शेजारच्या मावशी दारात उभ्या राहिल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाई, पाचशे रुपये हायेत का? शेळी कालपासून रवंथ करंना. नाकातून पानी गळालंय."

आमच्या रेणापुरात मला कवी म्हणून ओळखणारे थोडे, आणि उसने पैसे देणारा म्हणून ओळखणारे त्याहून थोडे. पण आदल्याच आठवड्यात एका कविसंमेलनाचे मानधन मिळाले होते. शाल, श्रीफळ आणि पाकीट. श्रीफळाची चटणी होऊन गेली होती, पाकीट मात्र शिल्लक होते. ते मावशींना दिले.

मावशी खुरपणी-काढणीच्या मजुरीवर जगतात. शेळी उस्मानाबादी, काळीभोर, आणि गाभण. या जातीला जुळी पिल्ले बऱ्याचदा होतात. म्हणजे छपरात धापा टाकत बसलेले ते एक जनावर नव्हते, कदाचित तीन होती. नातवाची वह्या-पुस्तके, छपराचे पत्रे, आणि दोन वर्षांपासून पुढे ढकललेला मावशींचा चष्मा, सगळे तिच्या पोटात होते.

रविवार म्हणून खाजगी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी छाती तपासली, न्यूमोनिया सांगितला, सुई दिली आणि आणखी दोन दिवस सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितले. शेळी वाचली. आठवड्याने मावशींच्या ओट्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. डॉक्टरांची फी आणि सुई मिळून ४०० रुपये. मेडिकलमधले पातळ औषध १८०. दोन दिवस ऑटोने नेणे-आणणे ३००. दोन दिवसांची बुडालेली मजुरी ६००. केसपेपरचे किरकोळ पैसे सोडले तर एकूण १,४८०.

मी तो कागद बराच वेळ पाहत राहिलो. त्यातले ९०० रुपये औषधाचे नव्हतेच. ते दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचे होते. गरिबाच्या जनावराला औषध महाग पडते असे आपण सहज म्हणतो. सरकारी दवाखान्यात उपचाराचे शुल्क नाममात्र असते. महाग पडते ती वाट.

ती वाट मला जुनी ओळखीची आहे. मी बी.ए.ला असताना अम्मीकडे तीन शेळ्या होत्या. त्यांच्या दुधावर आणि बोकडांवर माझी फी निघे. एका रात्री एक शेळी वेताला अडली. पिल्लू आडवे आले होते. अम्मी म्हणाली, "बेटा, सायकल पो डाल, दवाखाने कू ले जा." मी म्हणालो, सकाळी बघू. खरे कारण वेगळे होते. कॉलेजात शिकणारा मुलगा कण्हणारी शेळी सायकलला बांधून डॉक्टरांचे दार ठोठावायला निघाला, हे बाजारातल्या पोरांनी पाहायला नको होते. शिवाय खिशात पैसे नव्हते, आणि फुकट काम करा म्हणून कोणाला सांगायची लाज. पहाटे शेळी गेली. अम्मी मला एक शब्द बोलली नाही. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरायला तिने दुसरी विकली. मी पुढे आईच्या मायेवर पुष्कळ कविता लिहिल्या. शेळीवर एकही नाही.

आता मदत कुठे आहे ते बोलू. आहे, पण तिची तऱ्हा न्यारी आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा जनावर दगावल्यावर राज्य सरकारने गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. लसही फुकट टोचली. हे मोठेच काम झाले. नैसर्गिक आपत्तीच्या २०२२च्या निकषांत शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले आहेत. वीज पडून मेली, पंचनामा झाला, की त्या निकषाने मागता येते. पण मेलेल्या शेळीला दर आहे, तापलेल्या शेळीला नाही! विमा उतरवता येतो, तोही बहुतेक मरणाचाच. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळते, पण बँकेची पायरी चढायला मावशींना माझ्यासारखा एखादा सोबती लागतो, आणि मलाच बँकेची भीती वाटते.

मग तापलेल्या शेळीसाठी काय? एक म्हणजे १९६२. हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन केला तर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना दाराशी बोलावता येतो. ती ९०० रुपयांची वाट इथे वाचू शकते. मावशींना हा क्रमांक ठाऊक नव्हता. मलाही नव्हता, आणि मी पदवीधर! दुसरे, आजार यायच्या आधीचे. शेळ्यांच्या पीपीआरची लस सरकारी मोहिमेत फुकट मिळते आणि एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे पुरते. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची घ्यावी. कानात बिल्ला मारून घ्यायला बायका कचरतात, शेळीला दुखेल म्हणून. पण त्या बारा आकड्यांशिवाय पुढे विम्याच्या-मदतीच्या कागदावर शेळी उभीच राहत नाही. फार अवघड शस्त्रक्रिया असेल तर उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर नेणे मात्र पुन्हा खर्चाचे.

तिसरी जागा मला मावशींनीच दाखवली. महिनाभराने त्या माझे ५०० रुपये परत घेऊन आल्या. मी म्हणालो, राहू द्या. त्या रागावल्याच. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या कशापायी? गटातून उचललेत. शेकडा दोनानं फेडीन." त्यांच्या बचत गटाने शेळीच्या आजारासाठी कर्ज दिले होते, आणि बैठकीत तो विषय पहिल्यांदाच निघाला होता. तोवर कर्ज घ्यायचे ते लग्नाला, माणसाच्या दवाखान्याला नाहीतर बियाणाला. शेळीसाठी मागायची बायकांना लाज वाटे. एकीने मागितल्यावर आणखी दोघींनी हात वर केला. गटातल्या एकीला आता पशुसखीचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. जंतनाशक पाजणे, लसीच्या तारखा लक्षात ठेवणे, दुखणे वेळेत ओळखणे, एवढे गल्लीतच झाले तरी पुष्कळ.

पाचशेची नोट मी घेतली. घ्यायलाच हवी होती.

शेळीला दोन पिल्ले झाली, एक पाट आणि एक बोकड. छपराच्या चौकटीवर नातवाने खडूने १९६२ लिहून ठेवले आहे. शेळी तिथेच अंग घासते, आकडा पुसला जातो, आणि पोरगा शाळेतून आला की पुन्हा लिहितो.