खिशातील गोड पुडी

आज आम्ही एका पुडीविषयी बोलणार आहोत. पुडी लहानशी आहे. तीत तीन चमचे साखर आहे. पण वेळेला हीच पुडी माणसाचा जीव वाचवते.

तुम्ही म्हणाल, साखरेचा आजार असलेल्याला साखर द्यायची? डॉक्टर तर गोड बंद करा म्हणतात. ते बरोबरच आहे. रोजच्या खाण्यात गोड नको. पण मधुमेहात संकटे दोन असतात. साखर वाढते, हे एक. ते सर्वांना ठाऊक आहे. साखर एकाएकी उतरते, हे दुसरे. ते थोड्यांनाच ठाऊक आहे. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे शरीर पोखरते. उतरलेली साखर घटकाभरात माणसाला आडवे करते.

साखर उतरते कशी?

चुलीला लाकूड, तशी शरीराला साखर. मेंदूला तर ती क्षणोक्षणी लागते. रक्तातली साखर कमी करण्यासाठी रोगी इन्शुलिनचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेतो. औषध आपले काम करीतच राहते. पोटात अन्न आहे की नाही, हे त्याला कळत नाही. औषध घेतले आणि जेवण चुकले, की साखर उतरते. कष्ट जास्त झाले, तरी उतरते. उपाशीपोटी दारू प्याली, तरी उतरते.

आपल्याकडचेच पाहा. भातलावणीचे दिवस आहेत. बाईने सकाळी गोळी घेतली. भाकरी बांधावर खाऊ म्हणून ती खाचरात उतरली. पाऊस थांबेना, राब संपेना, दुपार झाली. कोणी पहाटे इंजेक्शन घेऊन नुसत्या चहावर कर्जतची किंवा खोपोलीची लोकल धरतो. मुंबईला पोचायला दोन तास. गाडी वाटेत अडली, तर न्याहारी राहिली. कोणी नेरळहून माथेरानच्या चढाला ओझे घेऊन लागतो. कोणी एकादशीचा उपास धरतो आणि गोळी मात्र रोजचीच घेतो. या सगळ्यांना हा धोका आहे.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी उतरत नाही. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी मात्र जपावे. आता तुम्हांला वाचता येते. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचा. इंग्रजीत असेल तर डॉक्टरांकडून किंवा औषधवाल्याकडून मराठीत लिहून घ्या.

ओळखायचे कसे?

हातपाय थरथरतात. गार घाम सुटतो. छातीत धडधडते. एकदम भूक लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. मग लोक काय म्हणतात? "चढलीय त्याला, पडू दे तिथंच." मंडळी, इथेच घात होतो! तो प्यालेला नसतो, त्याची साखर उतरलेली असते. आणि खरोखर प्यालेला असला, तरी त्याची साखर उतरलेली असू शकते. मधुमेही माणूस असा वागला, तर आधी साखरेचाच संशय घ्या.

साखर मोजायचे यंत्र जवळ असेल, तर मोजा. 70 च्या खाली आकडा आला, की साखर उतरली. यंत्र नसेल तर वाट पाहू नका. आधी गोड द्या.

कोणते गोड?

लगेच रक्तात जाणारे. 15 ग्रॅम साखर एका वेळेला पुरते. म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे. ती पाण्यात ढवळून प्यावी. पाणी नसेल तर तशीच तोंडात घोळवावी. ग्लुकोजची पूड सर्वांत चांगली. तीही तीन चमचे. गूळ असेल तर सुपारीएवढे दोन खडे चावून खावेत. लिमलेटच्या गोळ्या चार-पाच लागतात. त्या चघळत बसू नये, फोडून चावाव्यात.

मग 15 मिनिटे थांबा. बरे वाटले नाही, किंवा आकडा 70 च्या वर आला नाही, तर पुन्हा तेवढेच द्या. घाबरून पसाभर साखर खाऊ नका. ती मग उलटी फार वाढते.

एक गोष्ट नीट ऐका. काहीजणांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज नावाची गोळी असते. ती गोळी साखरेचे आणि गुळाचे पचन लांबवते. अशांनी ग्लुकोजचीच पूड जवळ ठेवावी.

कोणते गोड चालत नाही?

चिक्की, पेढा, लाडू, चॉकलेट. घाटावरची चिक्की प्रवासात सर्वांजवळ असते, म्हणून मुद्दाम सांगतो. दाण्यातले तेल आणि पेढ्यातली चरबी साखरेला पोटात अडवून धरते. आग आता लागली आहे, पाणी तासाने येऊन काय उपयोग? स्टेशनवरचा वडापावही तसाच. त्याने पोट भरेल, पण साखर वेळेवर चढणार नाही. 'शुगर फ्री' लिहिलेल्या गोळ्या आणि पेये तर मुळीच कामाची नाहीत. त्यांत साखरच नसते. विकत घेताना पाकीट वाचून घ्या.

मग चणे, फुटाणे, दाणे, भाकरी यांचे काम काय? त्यांचे काम दुसरे. गोडाने माणूस सावरला, की पुढचे जेवण लांब असेल तर हे खावे. म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही. म्हणून जवळ दोन पुड्या हव्यात. एक गोड, लगेच खायची. दुसरी फुटाण्यांची, मागाहून खायची.

पुडी ठेवायची कशी?

आपल्याकडचा पाऊस तुम्हांला माहीत आहे. साखरेचे पाणी होते आणि मुंग्याही लागतात. साखर प्लास्टिकच्या लहान पिशवीत घट्ट बांधा आणि ती घट्ट झाकणाच्या डबीत घाला. बाईने डबी कनवटीला ठेवावी, गड्याने खिशात. बांधावरच्या पिशवीत ठेवलेली पुडी खाचराच्या मधोमध कामाची नाही. मोटारसायकल किंवा रिक्षा चालवणाऱ्याने हाताशी ठेवावी. हात थरथरले, की गाडी आधी कडेला घ्यावी, मग पुडी सोडावी.

डबीत एक चिठ्ठीही घाला. स्वतःच्या हाताने लिहा: आपले नाव, 'मला मधुमेह आहे', औषधाचे नाव, घरच्यांचा फोन नंबर. तुमची वाचा गेली, तर ही चिठ्ठी बोलेल.

बेशुद्ध पडला तर?

तोंडात काही घालू नका. साखर नको, पाणी नको. ते श्वासनळीत जाते. माणसाला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्या.

हे शहाणपण नवे नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात 1921 साली इन्शुलिनचा शोध लागला. जानेवारी 1922 मध्ये 14 वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याच वर्षी डॉक्टरांच्या ध्यानात आले, की औषध जास्त झाले तर रोगी थरथरतो, घामाघूम होतो, आणि साखर दिली की सावरतो. शंभरावर वर्षे झाली, पण पहिला उपाय तोच आहे.

काहीजण आजार लपवतात. "लोक काय म्हणतील? कामावर घेणार नाहीत." पण ज्याला ठाऊक नाही, तो मदत कशी करील? निदान दोघांना सांगून ठेवा. एक घरातला, एक कामावरचा. "अहो काका, घाम का आलाय? डबी कुठाय?" एवढे विचारणारा माणूस जवळ हवा. आणि महिन्यातून दोनदा साखर उतरू लागली, तर पुड्या वाढवू नका. डॉक्टरांकडे जा. औषधाचे माप बदलावे लागेल. उपास धरायचा असेल, तरी आधी त्यांना विचारा.

तर मंडळी, आज रात्री घरी एवढे करा. तीन चमचे साखर मोजा. पुडी बांधा. चिठ्ठी लिहा. घरात कोणाला मधुमेह नसला, तर शेजारी पाहा. तिथे असेल, त्याला ही पुडी बांधून द्या आणि हा धडा वाचून दाखवा.