फिर्यादीने जायचे कुठे?



वकिलांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांना हात लावावा अशी रीत आहे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. किरकोळ गुन्हे कायद्याच्या पुस्तकातून काढले जात आहेत, तेव्हा खासगी फिर्यादीचे काय होते?

२०२३च्या जन विश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींना हात घातला. कुठे कैद गेली, कुठे फौजदारी दंडाची जागा शास्तीने घेतली, आणि न्यायदंडाधिकाऱ्याचे काम निवाडा अधिकाऱ्याकडे गेले. या धोरणाला माझा विरोध नाही. एखादे विवरणपत्र उशिरा भरले म्हणून कुणाला आरोपी म्हणून कोर्टात उभे करणे अन्यायाचेच होते. पण या साऱ्या चर्चेत सरकार आणि उद्योजक असे दोनच पक्ष धरले गेले. ज्याचे नुकसान झाले तो तिसरा माणूस चर्चेत आलाच नाही.

पर्यावरण संरक्षण कायदा घ्या. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८६ साली तो झाला. त्याच्या कलम १९ने सामान्य माणसाला मोठा अधिकार दिला: ६० दिवसांची नोटीस द्या आणि स्वतःच्या नावाने थेट कोर्टात फिर्याद करा. १ एप्रिल २०२४पासून कलम १५खालच्या उल्लंघनाला कैद नाही. दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आहे आणि ती निवाडा अधिकारी ठरवतो. रक्कम पर्यावरण संरक्षण निधीत जाते. अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे होते, हे चांगले आहे. पण कलम १९ पुस्तकात राहून ज्या कृत्याची फिर्याद करायची तेच बहुतांशी गुन्हा उरले नसेल, तर प्रदूषित नाल्याकाठच्या शेतकऱ्याने त्या कलमाचा उपयोग काय करायचा? काल तो फिर्यादी होता. आता तो फार तर माहिती देणारा झाला.

आपल्या रोजच्या कामात हा प्रश्न सर्वांत जास्त भिडतो तो परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक न वटण्याच्या, कलम १३८मध्ये. तासगाव किंवा निफाडकडचा द्राक्ष बागायतदार डोळ्यांसमोर आणा. व्यापारी माल उचलतो, चेक देतो, चेक परत येतो. बँकेचा मेमो, टपालाची पावती, पोचपावती हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो आपल्याकडे येतो. आपण आधी मेमोची तारीख बघतो: तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, मग महिन्याच्या आत फिर्याद. दिवाणी दावा लावायचा तर रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरावी लागते, आणि हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्त वेगळीच. फौजदारी कोर्टात चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यातून भरपाई मिळते. २०१८च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईची सोय झाली. बागायतदाराला व्यापाऱ्याला तुरुंगात घालण्याची हौस नसते. त्याला औषध दुकानाची उधारी फेडायची असते.

जून २०२०मध्ये अर्थ मंत्रालयाने हे कलम गुन्ह्यांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला होता. व्यापारी आणि वकील संघटनांनी विरोध केला आणि कलम टिकले. तो विरोध रास्त होता असे मला आजही वाटते.

दुसरी बाजूही मला दिसते. २०२१च्या घटनापीठाच्या निकालात तुंबलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांवर खटले चेकचे असल्याची नोंद आहे. कोरे चेक लिहून घेऊन मजुरांवर फिर्यादी लावणारे सावकार आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. म्हणून दखल घेण्याआधी आरोपीला ऐकावे, ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३मधली नवी अट मला मुळात योग्य वाटते. दुरुपयोग रोखण्यासाठी फिर्याद नीट तपासावी. दारच बंद करण्याचे कारण नाही.

प्रलंबित खटल्यांबद्दल आपण अशिलांना नीट सांगितले पाहिजे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे व्यभिचाराबद्दलचे कलम ४९७ घटनाबाह्य ठरवले तेव्हा त्याखालच्या फिर्यादींचा आधारच गेला. संसदेने कलम वगळले तर तसे होत नाही. नव्या कायद्याचा हेतू वेगळा दिसत नसेल, तर १८९७च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाच्या कलम ६मुळे जुने खटले चालू राहतात. ‘कायदा बदलला, आता केस संपली’ असे तालुका कोर्टाच्या आवारात सर्रास ऐकू येते आणि तडजोडीच्या टेबलावर फिर्यादी घाबरून कमी रक्कम घेतो.

आता नव्या कायद्यात काय हवे ते. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस तक्रारदाराच्या हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) प्रत देतात आणि ‘कोर्टात दाद मागा’ म्हणतात. ते कृत्य उद्या शास्तीचा विषय झाले, तर त्या माणसाने कुठे जायचे हे नव्या कायद्यात लिहिलेले हवे. त्याला निवाडा अधिकाऱ्यापुढे स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा, त्याचे म्हणणे ऐकले जावे, कारणांसह लेखी आदेश मिळावा, अपील करता यावे, आणि शास्तीतून त्याच्या नुकसानीची भरपाई व्हावी. या मागण्या ठरावाच्या मसुद्यात घातल्या आहेत. भरपाईचा मुद्दा अजून कच्चा आहे. दुपारच्या सत्रात ज्यांनी अशा फिर्यादी प्रत्यक्ष चालवल्या आहेत त्यांनी, विशेषतः तालुका कोर्टातल्या तरुण वकिलांनी, आधी बोलावे.