कोकणी गिरणीवाला आणि घाटी हमाल : दोन स्थलांतरांचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : 'परगावी गेलेल्या दोन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना.' समाज कोणते घ्यावयाचे ते त्यांनी आमच्यावर सोपविले, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही कॉलेजची पायरी चढलेले नाही. कामगार-संघटनेच्या कचेरीत बसून निवाडे, करार आणि पगारपत्रके वाचता वाचता जे पदरात पडले तेवढीच आमची विद्या. म्हणून दूरदेशीचे समाज न घेता आम्ही आमच्या माहितीतले दोन घेतले आहेत. एक, मुंबईच्या कापडगिरणीत गेलेला कोकणी माणूस. दुसरा, त्याच मुंबईत गेलेला घाटावरचा माणूस, ज्याला तिथे 'घाटी' म्हणतात. मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत अशी घरे थोडीच निघतील की ज्यांतला एखादा चुलता किंवा मामा मुंबईला गेलेला नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती ओलांडल्याखेरीज तुलनेला अर्थ राहत नाही. 'कोकणी' म्हणजे गिरणगावात मुख्यतः एका जिल्ह्याचा माणूस : जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा, ज्यातून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. 'घाटी' मात्र कुणीही. साताऱ्याचा घाटी, पुण्याचा घाटी, नगरचा घाटी आणि कोल्हापूरचाही घाटीच. कोल्हापूर तर १९४९ पर्यंत वेगळे संस्थान होते. म्हणजे एका बाजूला एक जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावरचा अर्धा मुलूख! हे दोन पारड्यांत घालून 'अमका पुढे, तमका मागे' असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे असेलच असे नाही. हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रेलियात गेलेले मॅसिडोनियन लोक पाहा. युगोस्लाव्हिया एकसंध होता तोवर जन्मस्थानाच्या रकान्यात ते युगोस्लाव्हियाचे म्हणून मोजले जात, सर्ब आणि क्रोएट लोकांबरोबर; आणि जे ग्रीसच्या हद्दीतून आले ते ग्रीसच्या रकान्यात जात. एकाच बोलीचे दोन भाऊ दोन रकान्यांत, आणि परके लोक एका रकान्यात. मग मॅसिडोनियन सुखी की युगोस्लाव्ह सुखी, याचे उत्तर आकड्यांतून कसे निघावे?

दुसरे म्हणजे, सुख मोजायचे कशाने? आमच्याकडे पगाराचा आकडा विचारण्याची रीत आहे. संघटनेत आम्ही तीन गोष्टी विचारतो. महिन्यात काम किती दिवस मिळाले. मिळालेल्या पैशांतून खाणावळ, खोली आणि सावकार वजा जाता गावाला किती पोहोचले. आणि अंग थकल्यावर हातात काय राहिले. या तीन प्रश्नांवर जो समाज उभा राहील तो सुस्थितीत.

आता कोकणी माणसाकडे वळू. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढील पन्नास वर्षांत गिरण्यांचे गाव वसले. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी-कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. गंमत अशी की आपल्या कोल्हापूरला आगगाडी १८९१ सालीच आली, आणि कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. तरी मुंबईला आधी आणि जास्त गेला तो कोकणी, बोटीने. कारण त्याला ढकलणारे हात जबरदस्त होते. कोकणात खोती होती. भाताचे पीक एकच, जमीन तुकड्यातुकड्यांची, आणि त्यातून खोताचा अर्धेलीचा नाही तर तिर्धेलीचा वाटा. घरचे धान्य वर्षभर पुरत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ उजाडले. तोवर तीन पिढ्या गिरणीत खपल्या होत्या.

लवकर जाण्याचा फायदा मात्र त्याला मिळाला. साचेखाते, म्हणजे विणाईचे खाते, हे गिरणीतले जास्त पैशाचे काम. भरती जॉबरच्या हाती, आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस आधी घेणार. अशा रीतीने गावेच्या गावे एकेका खात्यात शिरली. पुढे १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने पगाराचे प्रमाणीकरण केले, किमान मूळ पगार ३० रुपये ठरला, महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधला गेला. मग राज्य विमा आला, भविष्यनिर्वाह निधी आला, १९६५ साली बोनसचा कायदा आला. कायम झालेला साचेवाला हा त्या काळच्या मराठी मजुरांत वरचा माणूस होता, यात शंका नाही. लग्नाच्या बाजारात त्याला भाव होता, यापेक्षा आणखी पुरावा कशाला?

पण आमचे तीन प्रश्न विचारा. कायम झाला त्याला काम होते. बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि काम नसले की परत जाई. सावकाराचा दर रुपयाला महिना एक आणा हा गिरणगावात सर्रास होता. हिशेब करून पाहा, शंभर रुपये काढले की वर्षाला पंचाहत्तर रुपये व्याजाचेच. खर्च भागविण्यासाठी कोकणी माणसाने एक युक्ती काढली, तिचे आम्हांला फार कौतुक वाटते. गावच्या मंडळाने एक खोली घ्यायची. तिच्यात दहा दहा, वीस वीस जणांनी पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला आडवा. जेवण एखाद्या कामगाराच्या बायकोच्या खाणावळीत. म्हणूनच गावाला मनिऑर्डर जाई. या खाणावळवाल्या बायकांचा हिशेब मात्र कुठल्याच खानेसुमारीत नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे जगाला कळले की गिरणगाव या बायकांच्या चुलीवर उभे आहे. गिरणीत एके काळी साधारण पाचांत एक कामगार बाई होती, तीही हळूहळू काढली गेली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

घाटी माणूस मागून आला. तो दुष्काळात यायचा आणि पाऊस झाला की परतायचा. माण-खटावचा, जतचा, पाटणच्या डोंगरातला. त्याच्या वाट्याला साचेखाते क्वचित, बहुधा अंगमेहनतीची खाती. आणि गिरणीबाहेर गोदी आणि मशीद बंदरचे दाणाबाजार. डोक्यावर शंभर किलोचे पोते घेऊन जिना चढणे हे काम. मालक कोण, तर रोज वेगळा. मुक्काम गोदामाच्या ओट्यावर. हजेरीपुस्तक नाही, रजा नाही, पाठ मोडली तर घरची वाट. १९६० साली कुणी आम्हांला विचारले असते (आम्ही तेव्हा जन्मलो नव्हतो ही गोष्ट वेगळी) की या दोघांत बरा कोण, तर उत्तर द्यायला क्षणही लागला नसता.

पुढे मात्र गाडी उलटी फिरली, आणि ती का फिरली हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

पाटण भागातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची कळ नीट समजून घ्या. मालकाने मजुरी हमालाच्या हातावर टेकवायची नाही. ती मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. हमालाची नोंद मंडळाकडे, दुकानाकडे नव्हे. एक पेढी बुडाली तर टोळी दुसऱ्या पेढीवर जाते, पण त्याची वर्षे बुडत नाहीत. ज्याला मालकच नव्हता त्याला कायद्याने मालकांचा समूह मिळवून दिला! बाजार नवी मुंबईला हलला तेव्हा माथाडीही हलले, आणि कोपरखैरण्याला त्यांची घरे झाली. माथाडीच्या नावावर पावत्या फाडणारे भुरटे पुढे निघाले, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण भुरटे निघाले म्हणून कायदा वाईट ठरत नाही.

गिरणीवाल्याचे उलट झाले. त्याचे सगळे काही एका गिरणीला बांधलेले. पगार तिचा, निधी तिच्यातून, पुष्कळदा राहण्याची चाळही तिची. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघाकडे दिला होता. कामगारांचे मन दुसरीकडे आणि कायद्याची सही तिसऱ्याकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या काळात कापड विणले कुणी? भिवंडीच्या यंत्रमागांनी, आणि आपल्या इचलकरंजीचे मागही त्या वर्षांत वाढले. हे आपल्या जिल्ह्यात फारसे बोलले जात नाही, म्हणून आम्ही बोलतो. आपल्याकडच्या मागावर बारा तास उभा राहणारा मजूर गरीबच होता, त्याला दोष कसला? पण एका गरिबाचे काम सुटले ते दुसऱ्या गरिबाकडे निम्म्या हक्कांनी आले, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.

गिरण्यांची जमीन विकली गेली, तिच्यावर मनोरे उठले. जमिनीतला वाटा घरांसाठी ठेवण्याचा नियम १९९१ चा. २००१ साली त्यात असा बदल झाला की वाटा आक्रसला. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे अंग थकल्यावर काय राहिले याचे, गिरणीवाल्याला मिळालेले उत्तर ते हे.

आता कुणी म्हणेल, माणूस गावी परतला तर गावानेही काही दिले असेल. दिले, पण कुणाला? घाटावर ज्याची जमीन कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याखाली आली त्याला साखर कारखान्याचा भाग मिळाला, १९६३ नंतर 'गोकुळ'ला दूध घालता आले. मुंबईची नोकरी गेली तरी उसाचे बिल आले. कोकणात १९९० साली रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळझाड-योजना आली आणि आंबा-काजूची लागवड खूप वाढली. पण खोतीतून सुटलेल्या कुळाच्या सातबाऱ्यावर तीस-तीस सहहिस्सेदार! सही कुणाची आणायची? आणि घाटावरही जतचा माणूस आणि शिरोळचा माणूस यांच्यात जे अंतर आहे ते कोकणी आणि घाटी यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठे आहे. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले तर पोत्याखाली गेलेच नाहीत. सोने-चांदी गाळण्याचा हुन्नर घेऊन ते हिंदुस्थानभर पसरले आणि दुकानदार झाले. त्यांनाही घाटीच म्हणायचे काय?

आणखी एक रेघ दोन्ही समाजांना आडवी कापून जाते. साचेखात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत, मग तो चिपळूणचा असो वा कराडचा. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. जास्त पगाराचे दार जातीने बंद, म्हणजे 'कोकणी माणूस सुखी होता' हे वाक्य १९३० सालीसुद्धा सगळ्या कोकण्यांना लागू नव्हते.

तेव्हा आमचे मत असे बनले आहे की या दोन समाजांत घाटी आज काही ठिकाणी वर दिसतो तो अंगच्या गुणाने नव्हे, आणि कोकणी खाली आला तो आळसाने नव्हे. 'मनिऑर्डरीवर जगणारे कोकण' असे हिणवणाऱ्यांनी वीस जणांच्या त्या खोलीत एक रात्र काढून पाहावी. माथाडीला नोंद मिळाली, गिरणीवाल्याला गिरणी मिळाली होती. नोंद राहिली, गिरणी गेली.

शेवटी घराजवळचे. आपली शाहू मिल १९०६ साली सुरू झाली आणि २००३ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे लागत अशी माणसे या सभेत बसली आहेत. आज शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांत लोखंड ओततो तो उत्तर प्रदेशचा, बिहारचा, ओडिशाचा मुलगा. आपण त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो, जसे मुंबईने आपल्याला मारली. तो ठेकेदाराच्या खोलीत दहा जणांत राहतो, पाळीपाळीने झोपतो, आणि मनिऑर्डरीऐवजी मोबाइलवरून घरी पैसे धाडतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, २०२० च्या संहितेत तो सामावून घेतला गेला; ठेकेदाराने नोंद ठेवावी, घरी जाण्याचा भत्ता द्यावा, असे त्यात आहे. ज्यांच्या घरी असा भाडेकरू असेल त्यांनी त्याला एवढेच विचारावे : पगारचिठ्ठी मिळते काय, आणि तिच्यावर निधीचा क्रमांक आहे काय. नसेल तर रविवारी सकाळी त्याला आमच्या कचेरीत पाठवा. येताना आधारपत्र आणि बँकेचे पुस्तक बरोबर असावे; हिंदीत लिहून घेणारा माणूस आम्ही बसविला आहे.