आपले कारखाने आणि कामगारांची सुरक्षितता
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या विषयावर आम्ही आज बोलण्यास उभे आहोत तो मेळाव्याच्या आनंदास साजेसा नाही, हे आम्ही जाणतो. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर कायद्याचे हे पुराण कशास, असे कोणास वाटल्यास त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु आपण जातीचे तांबट. हातोडी, ऐरण आणि भट्टी यांवर आपली घरे चालली. आज हातोडीच्या जागी पॉवर प्रेस आला, पॉलिशची मोटार आली, आणि आपल्यापैकी कित्येक जण कारागीर होते ते मालक झाले. मालकी आली की तिच्यापाठोपाठ कायदाही आलाच.

जुना धंदा निर्धोक होता असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकामाचा ठणठणाट ज्यांनी ऐकला असेल त्यांस हे सांगणे नको. आमच्या आजोबांशी घरातील सारी माणसे ओरडून बोलत. ते रागीट आहेत म्हणून सारे ओरडतात, अशी आमची लहानपणची समजूत होती. कान गेले होते, हे पुष्कळ उशिरा कळले. आठ तास काम करावयाचे तर आवाज ९० डेसिबलच्या वर असू नये, असा कारखान्यांच्या नियमांत दंडक आहे. आजोबांस तो कोण सांगणार?

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना आम्हांस संकोच होतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली गेली. मालक ज्ञातीतले, मुलगाही ज्ञातीतला. त्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच डाय खाली यावा, म्हणजे एकही हात आत राहू नये, अशी ती योजना. काम जलद उरकावे म्हणून एक बटण पट्टीने कायमचे बांधून ठेवले होते. प्रकरण बाहेर जाऊ नये म्हणून मध्यस्थीस आम्हांसच बोलावणे आले. आम्ही गेलो, उभयतांस समजाविले, आणि एक रक्कम ठरवून ती मुलाच्या मातोश्रींच्या हाती ठेवली. ज्ञातीची अब्रू राहिली म्हणून आमचे कौतुकही झाले. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यान्वये तेव्हा वय, वेतन आणि कमावण्याच्या शक्तीत पडलेली तूट पाहून भरपाई काढावयाची असे. तो आकडा आम्ही काढूनसुद्धा पाहिला नाही. गणित शिकविण्यात आमची हयात गेली होती! ती माउली त्या वेळी आमच्या पाया पडली, हे आठवले की आजही अन्न गोड लागत नाही.

तेव्हापासून आम्ही हे कायदे वाचू लागलो. हा खटाटोप सरकारने कालपरवा काढलेला नाही. आपल्या देशातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांस तो लागू होता, आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावे हे त्यातही होते. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस संघटित केले आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा आला. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की तो कारखाना ठरतो, विजेवाचून ४०. हे ऐकून आपल्यातील काही जण सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी थांबावे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणी आणि मालकाची कर्तव्ये चुकत नाहीत, आणि धोक्याच्या कामाच्या बाबतीत सरकार एका कामगारासाठीही संहिता लागू करू शकते. एकाच छपराखाली पत्नीच्या नावे दुसरी पाटी लावून माणसे वाटून दाखविण्याची युक्ती आम्हांस ठाऊक आहे. प्रेसला पाट्या वाचता येत नाहीत. प्रत्येकास नेमणूकपत्र द्यावयाचे, ठरवून दिलेल्या वर्गातील कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी विनामूल्य करावयाची, आणि चष्मे, हातमोजे आदी साधनांचे पैसे पगारातून कापावयाचे नाहीत. कर्तव्यात कसूर होऊन कोणास गंभीर इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन ते चार लाखांचा दंड, किंवा दोन्ही. मृत्यू ओढवल्यास शिक्षा याहून जड.

आपल्या धंद्यातील आणखी एक भय सांगतो, कारण ते डोळ्यांस दिसत नाही. पितळ उजळण्यासाठी नायट्रिक ॲसिड वापरतात. त्यातून तांबूस धूर निघतो. तो छातीत गेला तरी माणूस थोडा खोकून पुन्हा कामास लागतो, संध्याकाळी घरी जातो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून रात्री त्याचा श्वास कोंडतो. म्हणून असा धूर कोणी घेतल्यास बरे वाटत असले तरी त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. धूर ओढून घेणारा पंखा कुंडाशेजारीच बसवावा. छतास लावलेला पंखा तो धूर माणसाच्या तोंडावरूनच वर नेतो. ॲसिड पाण्यात हळूहळू घालावे, पाणी ॲसिडमध्ये कदापि ओतू नये. हा धडा आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत घोकला होता.

निरीक्षकाच्या नावाने आपण घाबरतो. नव्या संहितेत मालक व कामगार यांस सल्ला देणे हेही त्याच्या कर्तव्यात घातले आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आपण होऊन जावे, असे आमचे मत आहे. मुंबईस शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. तरुण कारखानदारांची एक सहल तिकडे न्यावी. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तो मुहूर्त बरा.

मंडळापुढे आमची मागणी अल्प आहे. एक छोटी समिती नेमावी. तिने सभासदांच्या कारखान्यांत बोलावल्यावर जावे, यंत्रे पाहावी, बांधलेली बटणे सोडवावी, कागदपत्रे भरून द्यावी. आणि अपघात झाल्यास मध्यस्थीस कोणीही जाऊ नये, आधी भरपाईचा हिशेब करावा. समिती नेमली जाईपर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसत जाऊ. येताना कामगारांची यादी, त्यांची वये व पगार आणि प्रत्येक यंत्राचे एक छायाचित्र आणावे.