खिडकीचा सौदा आणि ग्राहकाची सवड

(एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुन्या लाकडी वा लोखंडी खिडक्या काढून तेथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविण्याचे काम आपल्या शहरांतील जुन्या इमारतींमध्ये सर्रास चालू आहे. एवढ्या घरगुती बाबीवर व्याख्यान कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाची वर्षा-दोन वर्षांची शिल्लक एका सायंकाळच्या बोलण्यात आणि एका सहीत निघून जाते, तेव्हा ती बाब केवळ घरगुती राहत नाही. तिच्यामागे एक अर्थशास्त्र असते आणि ते समजून घेतले नाही तर नुसत्या सावधगिरीच्या उपदेशाने काही साधत नाही.

भाजीवाल्याने आज सडका टोमॅटो दिला तर उद्या आपण दुसऱ्या गाडीवर जातो. रोजच्या व्यवहारात ग्राहक चुकतमाकत शहाणा होतो. खिडकी मात्र माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बदलतो. विकणारा हा सौदा रोज करतो, घेणारा पहिल्यांदाच करीत असतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाची खरी प्रत विकणाऱ्यालाच ठाऊक असते आणि घेणाऱ्याला कळू शकत नाही अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. या विवेचनाबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. खिडक्यांच्या धंद्यात याचा अर्थ असा की, फसवणुकीचा पहिला बळी ग्राहक असला, तरी दुसरा बळी पलीकडच्या गल्लीतला प्रामाणिक फॅब्रिकेटर असतो. जाड सेक्शन वापरणाऱ्याचा भाव चढा दिसतो आणि काम हातचे जाते.

आता या धंद्यातील एक मर्म पाहू. फॅब्रिकेटर ॲल्युमिनियमचा सेक्शन किलोच्या भावाने विकत घेतो. आपल्याला खिडकी मात्र चौरस फुटाच्या भावाने विकतो. या दोन मापांच्या मधल्या फटीत बरीचशी लबाडी राहते. दीड मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटर जाडीचा सेक्शन लावला की एक पंचमांश धातू वाचतो. क्षेत्रफळ तेच राहते, बिलही तेच राहते. काचेचेही तसेच आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, चार मिलिमीटरचे दहा किलो. पण एकदा चौकटीत बसली की कोणती काच आहे हे डोळ्यांना कळत नाही. पिशवीतून काढून दाखविलेला नमुन्याचा तुकडा जड असतो. प्रत्यक्ष बसविलेला माल तसाच असेल याची खात्री कागदच देऊ शकतो, जीभ नव्हे.

मोजमापाची युक्ती याहून साधी आहे. समजा, खिडकी चार फूट एक इंच लांब व तेवढीच उंच आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १६.६७ चौरस फूट. ‘अर्ध्या फुटाच्या हिशेबाने धरतो’ असे म्हणून कागदावर साडेचार बाय साडेचार लिहिले की ते २०.२५ होते. म्हणजे एकवीस टक्के वाढ, एकाही जादा खिळ्याशिवाय. समोरच्या माणसाने भावात दहा टक्के सूट दिली म्हणून आपण आनंदित होतो, तेव्हा ती सूट आपल्याच खिशातून अगोदर काढलेली असते.

परंतु या सर्व युक्त्यांची जननी आहे ती घाई. मोफत तपासणीच्या निमित्ताने माणूस घरात येतो. खिडकीच्या चौकटीला टोकदार पेन टोचून ‘हे लाकूड आतून गेले आहे, हा पावसाळा काढणार नाही’ असे गंभीर चेहऱ्याने सांगतो. मे महिना सरत आलेला असतो, त्यामुळे भीती लागलीच मनात शिरते. मग एक लाख साठ हजारांचा आकडा पुढे येतो आणि पाठोपाठ चाळीस टक्क्यांची सवलत, पण ती फक्त आजच्या सहीसाठी. उद्या धातूचा भाव वाढणार, तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी कालच सही केली, असे पुरवणी युक्तिवाद असतातच. आता हिशेब करा. एक लाख साठ हजारांतून चाळीस टक्के गेले की शहाण्णव हजार उरतात. हेच काम दुसरा कोणी साध्या भावाने पंचाण्णव हजारांत करीत असेल, तर सवलत कशावर मिळाली? कधी अस्तित्वातच नसलेल्या किमतीवर! जी किंमत आज परवडते ती परवा परवडत नाही, असे कोणत्याही सचोटीच्या धंद्यात घडत नाही. धातूचे भाव बदलतात हे खरे. पण मग भावपत्रकावर ‘पंधरा दिवस वैध’ असे लिहून देण्यास अडचण कोणती?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्या दिवाणखान्यात तीन तास ठाण मांडून बसणारा तरुण बहुधा स्वतः मालक नसतो. त्याच्या पोटाचा आधार सह्यांवरचे कमिशन असते. शिडीवर वा बाहेरच्या अरुंद छज्जावर उभा राहून खिडकी बसविणारा कारागीर तर रोजंदारीवर असतो आणि त्याच्या कमरेला पट्टादेखील नसतो. तेव्हा माणसावर राग काढण्यापेक्षा व्यवहाराची रीत बदलणे महत्त्वाचे. करार करताना कारागिराच्या सुरक्षा-पट्ट्याची अट आपण घातली पाहिजे. ती आपली नैतिक जबाबदारी आहे.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत घरोघरी जाऊन होणाऱ्या विक्रीतील दडपणावर उपाय म्हणून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ साली नियम केला आणि अशा सौद्यातून तीन कामकाजी दिवसांच्या आत माघार घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला. याच आयोगाने २०१२ साली पाच खिडकी-कंपन्यांविरुद्ध कारवाई केली, कारण नव्या खिडक्यांमुळे ऊर्जेचा खर्च किती वाचेल याचे त्यांनी केलेले दावे पुराव्याने सिद्ध होत नव्हते. आपल्याकडे घरी येऊन घेतलेल्या प्रत्येक सहीला लागू पडेल असा माघारीचा सर्वसाधारण हक्क नाही. म्हणून तो करारात आपणच लिहून घ्यावा. लिहून देण्यास जो नाकारतो, त्याने आपली परीक्षा आपणच दिली असे समजावे.

कायदा अगदीच मुका आहे, असे मात्र नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २०२० साली अमलात आला. योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या टिकाऊपणाची हमी देणे आणि बिल न देणे यांची गणना त्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये होते. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ हे वाक्य गोड वाटते. पण बिल गेले की तक्रारीचा पायाच जातो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही आणि आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तरीही तक्रार हा शेवटचा उपाय. पहिला उपाय आहे कागद. त्यावर सेक्शनची जाडी व प्रकार, काचेची जाडी, ट्रॅक किती, जाळी आहे की नाही, मोजमाप कसे धरले, जुनी चौकट काढण्याचा, गिलावा दुरुस्त करण्याचा व डबर उचलण्याचा खर्च कोणाचा, हे सारे वेगवेगळे लिहिलेले असावे. ‘आजीवन हमी’ हा शब्द अर्थशून्य आहे: कोणाचे जीवन, आपले, खिडकीचे की कंपनीचे? काच, रोलर, कडी, रबर आणि सांध्यातील सिलिकॉन यांची हमी वर्षांच्या आकड्यांत मागावी. पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेमार्फत द्यावेत. माल दारात आला की बसविण्यापूर्वी जाडी मोजावी. आणि निदान दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होऊन भिंत कोरडी राहीपर्यंत राखून ठेवावी. पावसासारखा निःपक्ष परीक्षक दुसरा नाही.

दुसरा उपाय आहे एकजूट. इमारतीच्या बाहेरील रूपात बदल करण्यासाठी संस्थेची परवानगी घ्यावीच लागते. मग ती परवानगी केवळ शिक्का न राहता शहाणपणाचे निमित्त का होऊ नये? १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदीचा प्रयोग वाणसामानापासून केला. तेच तत्त्व खिडक्यांना लागू करावे. दहा घरांनी मिळून एकच तपशीलपत्रक तयार करावे, त्यावर तीन भावपत्रके मागवावीत, ती सूचनाफलकावर लावावीत आणि फॅब्रिकेटरने पूर्वी केलेले काम दोघांनी जाऊन पाहावे. एकट्या वृद्ध सभासदाकडे कोणी सही मागावयास आला तर ‘आमच्या समितीला कागद दाखवा’ एवढे एकच उत्तर पुरे.

मित्रहो, एकट्या ग्राहकाच्या अज्ञानावर ज्या बाजाराचे पोट भरते, त्या बाजाराला वेळ, कागद आणि शेजारी या तिन्हींची धास्ती असते. त्यांपैकी एकही विकत आणावा लागत नाही. पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, दोन-तीन सभासदांची समिती नेमा, आणि तोवर संस्थेतील कोणीही कोणत्याही कागदावर सही करू नये, एवढा ठराव आजच करा. घाईने करावयाची ही एवढी एकच गोष्ट आहे.